खटला सरकारचा, साक्ष आपली

(लालबाग-परळ भागातील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या एकदिवसीय शिबिरातील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या विषयाला पत्रिकेत नाव दिलंय 'फौजदारी न्यायव्यवस्थेची रचना'. असं नाव वाचलं की शाळेतलं नागरिकशास्त्र आठवतं आणि जांभई येते. पण इथे बसलेल्या प्रत्येकीने कधी ना कधी कुणा बाईसोबत पोलीस ठाण्याच्या बाकावर चार-चार तास काढलेले आहेत. 'साहेब राउंडला गेलेत' हे ऐकलेलं आहे. म्हणून हा विषय आपल्याला पुस्तकातला वाटू नये.

आपलं होतं असं. एखादी घटना घडते, आपण ठाण्यावर मोर्चा नेतो, निवेदन देतो, गुन्हा नोंदवला जातो. वर्तमानपत्रात दोन ओळी येतात. मग आपण दुसऱ्या कामाला लागतो, कारण दुसरी बाई दारात उभी असते. चार-पाच वर्षांनी कानावर येतं की आरोपी सुटला. आपण म्हणतो, कोर्टाने अन्याय केला. कधी कधी कोर्ट अन्याय करतंही, त्यावर मी बोलणार आहे. पण पुष्कळ वेळा ती केस कोर्टात हरलेली नसते. ती त्याआधीच, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात कागद जाताना हरलेली असते, आणि त्या वेळी तिथे आपल्यापैकी कुणीच नसतं. हे कागद कुठून कुठे जातात आणि त्या वाटेवर बाईला कायद्याने कुठे उभं राहता येतं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

खटला कुणाचा?

पहिली गोष्ट. नवऱ्याने बायकोचं डोकं फोडलं, तर खटल्याचं नाव काय असतं? बायको विरुद्ध नवरा? नाही. 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक अमुक'. फौजदारी कायदा असं मानतो की गुन्हा हा सरकारविरुद्ध, समाजाविरुद्ध घडतो. म्हणून तपास सरकार करतं, वकील सरकार देतं, पुरावा सरकार मांडतं. जिचं डोकं फुटलं ती या खटल्यात असते साक्षीदार.

यात एक चांगली बाजू आहे. गरीब बाईला स्वतःच्या खर्चाने गुन्हेगाराशी लढावं लागत नाही, आणि पैसे देऊन तोंड बंद केलं म्हणून बलात्काराचा गुन्हा मिटत नाही. वाईट बाजू अशी की खटला तिच्या नावाने चालत नसल्यामुळे तिला काही सांगायची कुणाला गरजच वाटत नाही. तारीख कधी पडली, जामीन कधी झाला, हे तिला शेजारणीकडून कळतं. तेही कधी, तर आरोपी चाळीच्या जिन्यात समोर उभा राहिला म्हणजे!

पोटगी, घटस्फोट, मुलांचा ताबा हे दिवाणी मामले. त्यासाठी कुटुंब न्यायालय आहे. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे जातो, पण मागायचं असतं संरक्षण, राहण्याचा हक्क, खर्च. तिथे बाई स्वतः अर्जदार असते. ही वाट आणि फौजदारी वाट वेगळ्या आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी चालता येतात. ठाण्यात 'बाई, तुम्ही फॅमिली कोर्टात जा' असं सांगितलं, तर त्याने पोलिसांची जबाबदारी संपत नाही.

चार खाती

आता रचना. आपण ज्याला 'यंत्रणा' म्हणतो ती एक नाही, चार आहेत. पोलीस, सरकारी वकील, न्यायालय आणि तुरुंग.

आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. गुन्हा घडला परळला. फिर्याद भोईवाडा किंवा काळाचौकीच्या ठाण्यात. त्यावर साहाय्यक पोलीस आयुक्त, त्यावर परिमंडळाचे उपायुक्त, आणि सगळ्यांच्या वर क्रॉफर्ड मार्केटसमोर पोलीस आयुक्त. आरोपीला पकडलं की २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. तसे दंडाधिकारी भोईवाड्याला आहेत, गिरगावला आहेत, माझगावला आहेत, आझाद मैदानाजवळ किल्ला कोर्टात आहेत. गुन्हा मोठा असेल, बलात्कार, खून, हुंडाबळी, तर खटला तिथून सत्र न्यायालयात जातो. त्यावर उच्च न्यायालय, त्यावर दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय. आरोपीला जामीन नाही मिळाला तर पुरुष साने गुरुजी मार्गावरच्या आर्थर रोड तुरुंगात, बायका भायखळ्याला.

ही चार खाती कुणाच्या हाताखाली आहेत ते बघा. पोलीस गृह विभागाखाली. तुरुंग गृह विभागाखाली. दंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहणारे साहाय्यक सरकारी वकील अभियोग संचालनालयाचे, आणि तेही गृह विभागाच्याच नियंत्रणाखाली. न्यायालयं मात्र उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली. मंत्री त्यांना हुकूम देऊ शकत नाही. म्हणजे पकडणारा, कोर्टात बाजू मांडणारा आणि कोंडून ठेवणारा, तिघांचा मालक एक. म्हणूनच ठाण्यात दाद लागली नाही तर कायदा तुम्हाला दंडाधिकाऱ्यांचं दार दाखवतो.

१ जुलै २०२४ पासून इंग्रजांच्या वेळची दंड संहिता आणि साक्ष कायदा, तसंच १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन नवे तीन कायदे आले: भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम. आपल्या तोंडी बसलेले आकडे बदलले. ४९८-अ चं झालं ८५ आणि ८६. बलात्काराच्या शिक्षेचं ३७६ आता ६४ पासून पुढे. विनयभंगाचं ३५४ झालं ७४. मुंबईत 'महानगर दंडाधिकारी' म्हणत असू, तो प्रकारही नव्या संहितेत राहिला नाही. राज्यभर असतात तसे न्यायदंडाधिकारीच इथेही. आकडे बदलले तरी इमारतीचा नकाशा बराचसा जुनाच आहे.

ठाण्याचा उंबरठा

सगळ्यात जास्त वेळ मी इथे देणार आहे, कारण पुढचं सगळं इथे ठरतं.

गुन्हे दोन प्रकारचे, दखलपात्र आणि अदखलपात्र. दखलपात्र गुन्ह्यात पोलिसांनी प्रथम खबरी अहवाल, म्हणजे एफआयआर नोंदवून स्वतःहून तपास करायचा. अदखलपात्र असेल तर नुसती नोंद, जिला आपण 'एनसी' म्हणतो, आणि दंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय तपास नाही. मार खाऊन आलेल्या बाईच्या हातात बहुतेक वेळा ही एनसी पडते. ती कागद जपून ठेवते, तिला वाटतं केस झाली. प्रत्यक्षात काहीच झालेलं नसतं.

हा फरक कुठे ठरतो? कायद्यात साधी दुखापत अदखलपात्र आहे. हाड मोडलं, दात पडला तर ती गंभीर दुखापत, दखलपात्र. सुरी मारली, तापल्या उलथन्याने डागलं, तर तेही दखलपात्र. एका ठाण्यात मी एका बाईबरोबर गेले होते. हात सुजून मनगटापासून वाकडा झालेला. नोंदवहीत लिहिलं गेलं, 'पतीने हाताने मारहाण केली.' आम्ही आधी इस्पितळात जाऊन एक्स-रे काढला, हाड मोडल्याचा कागद घेऊन परत गेलो, आणि त्याच टेबलावर एफआयआर झाला. तीच बाई, तोच हात. बदलला होता फक्त कागद. म्हणून आपल्या मंडळाचा नियम असू द्या: जखम असेल तर आधी इस्पितळ, आणि डॉक्टरांना 'पडले' असं सांगायचं नाही.

काही गोष्टी पाठ करून ठेवा. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ ला ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. 'आमच्या हद्दीत नाही' हे कारण आता चालत नाही. कुठल्याही ठाण्यात झीरो एफआयआर नोंदवता येतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. लैंगिक गुन्ह्याची फिर्याद बाईकडून घ्यायची तर ती महिला अधिकाऱ्याने लिहायची. बाईला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी येऊन विचारावं लागतं. ठाण्याने नकार दिला तर उपायुक्तांना लेखी कळवा, पोच घ्या. तरीही नाही झालं तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पूर्वीचं १५६(३), आताचं १७५(३). बलात्कारासारख्या गुन्ह्याची फिर्याद न घेणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरीची तरतूद आहे.

एक नवी गोष्ट सावधपणे ऐका. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यात, वरिष्ठांच्या परवानगीने, १४ दिवसांत 'प्राथमिक चौकशी' करण्याची मुभा नव्या संहितेने पोलिसांना दिली आहे. सासरच्या छळाच्या ८५ व्या कलमात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, विनयभंगाला पाचपर्यंत. म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या बहुसंख्य बायका याच पट्ट्यात बसतात. 'चौकशी चालू आहे' असं म्हटलं तर विचारा: कुणाच्या परवानगीने, कोणत्या तारखेपासून? चौदा दिवस मोजा. आणखी एक: ८५ ची फिर्याद ती बाई किंवा तिचे नातेवाईक यांनीच द्यावी लागते. कार्यकर्तीने स्वतः देऊन चालत नाही. आपण सोबत जायचं, सही तिची.

पहिल्या कागदाचं मोल काय असतं ते याच परळने पाहिलंय. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी केईएममध्ये परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला, मेंदूला कायमची इजा झाली. त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाला होता. पण पोलिसांकडे गेलेल्या फिर्यादीत ती बाब आलीच नाही. लग्न ठरलेली मुलगी, तिची बदनामी होईल, असा विचार त्यामागे होता, असं नंतर लिहिलं गेलं. खटला चालला तो जीवघेणा हल्ला आणि चोरीचा. शिक्षा झाली सात वर्षं. सरकारी वकिलाने, न्यायाधीशाने पुढे काय करायचं? जे कागदावर नाही त्याची शिक्षा कोण देणार? तो माणूस सुटून गेला. अरुणाताई १८ मे २०१५ पर्यंत त्याच इस्पितळात पडून राहिल्या आणि त्यांच्या सहकारी परिचारिकांनी, मागून आलेल्या परिचारिकांनी, त्यांना बेचाळीस वर्षं सांभाळलं. त्या बायकांचं ऋण आपण मानतोच. पण इज्जत वाचवण्यासाठी गाळलेली एक गोष्ट आरोपीच्या किती कामी आली, हेही विसरू नये.

तपास आणि 'समरी'

एफआयआरनंतर तपास. जबाब, पंचनामा, वैद्यकीय तपासणी. बलात्काराच्या केसमध्ये तपासणीला बाईची संमती लागते, आणि कुठल्याही इस्पितळाला, सरकारी असो की खासगी, तिच्यावर लगेच मोफत उपचार करावेच लागतात. तिचा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोरही नोंदवला जातो. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र दाखल व्हावं लागतं. नाही झालं तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. कितीतरी जण बाहेर येतात ते पोलिसांचे दिवस उलटले म्हणून, आणि शिव्या खातं कोर्ट.

नव्या संहितेप्रमाणे तपास कुठवर आला ते ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर ९१ व्या दिवशी लेखी मागा.

आता 'समरी'. पुरावा नाही असं पोलिसांना वाटलं तर ते आरोपपत्राऐवजी अहवाल पाठवतात. आपल्याकडे त्याला ए, बी, सी समरी म्हणतात. 'ए' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, 'बी' म्हणजे फिर्याद मुद्दाम खोटी, 'सी' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. बायकांच्या केसेस 'बी'मध्ये घालून फाईल बंद करणं सोपं असतं. पण ही फाईल पोलीस बंद करू शकत नाहीत, ती दंडाधिकारीच करू शकतात, आणि त्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन तिचं ऐकावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८५ मध्येच सांगून ठेवलंय. त्या तारखेला ती बाई हजर राहिली आणि तिने लेखी हरकत घेतली, तर दंडाधिकारी समरी फेटाळू शकतात, पुढचा तपास सांगू शकतात. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, ती तोवर माहेरी गेलेली असते, आणि संपलं. तेव्हा पत्ता बदलला की ठाण्यात लेखी कळवायचं, हे इतकं साधं काम आपण करायला हवं.

सरकारी वकील आणि कोर्ट

बायका विचारतात, 'आपला वकील कोण?' सरकारी वकील बाईचा नसतो, सरकारचा असतो. त्याच्या टेबलावर त्या दिवशीच्या पंधरा-वीस फायली असतात, आणि पुष्कळदा तो तिला पहिल्यांदा भेटतो तो साक्षीच्या सकाळी, कोर्टाच्या व्हरांड्यात. पण पीडितेला स्वतःचा वकील देऊन सरकारी वकिलाला साहाय्य करता येतं, लेखी युक्तिवाद देता येतो. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. बलात्काराच्या ठराविक गुन्ह्यांत जामिनाच्या सुनावणीला फिर्यादीची हजेरी आवश्यक आहे. आणि आरोपी सुटला तर पीडितेला स्वतः अपील करता येतं. हा हक्क ३१ डिसेंबर २००९ पासून आहे. सरकार अपील करेल म्हणून वाट पाहत बसू नका.

कोर्टाच्या पायऱ्या कशा उलटसुलट असतात ते मथुरा प्रकरणात दिसलं. २६ मार्च १९७२, विदर्भातलं देसाईगंज, पोलीस ठाण्याच्या आवारात आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, मग संमती असणार, असा तो तर्क. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. १९८० मध्ये मुंबईतल्या बायका रस्त्यावर उतरल्या, बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरला. तिथे बाईने संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं, असं ठरलं. शेवटच्या न्यायालयाचा निकाल हा शेवटचा शब्द नसतो, हे त्या बायकांनी दाखवून दिलं. मथुराच्या पदरात मात्र काही पडलं नाही.

तुरुंग

चौथं खातं आपण विसरतो, कारण आपल्याला वाटतं तिथे 'ते' असतात. भायखळ्याच्या तुरुंगात बायका असतात, आणि त्यांतल्या कित्येकींचा खटला अजून संपलेला नसतो. जामीन मिळालेला असतो, जामीनदार मिळत नाही. २३ जून २०१७ ला त्या तुरुंगातल्या कैदी मंजुळा शेट्ये मारहाणीनंतर मरण पावल्या. खुनाच्या आरोपाखाली तुरुंगाच्याच सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली, आणि त्याविरुद्ध आवाज उठवणाऱ्या कैदी बायकांवर दंगलीचा गुन्हा नोंदवला गेला. ठाण्यात फिर्यादी बाईला जे सोसावं लागतं, त्याचंच हे दुसरं टोक आहे. म्हणून आपल्या कामात कैदी बायकांना जामीनदार आणि वकील मिळवून देणंही यायला हवं.

मग आपण काय करायचं?

कुणी म्हणेल, यंत्रणेने मनावर घेतलं तर वेगाने चालते. चालते. २२ ऑगस्ट २०१३ ला शक्ती मिलच्या पडीक आवारात एका छायापत्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. ती थेट इस्पितळात गेली, फिर्याद दिली, महिन्याभरात आरोपपत्र, ४ एप्रिल २०१४ ला शिक्षा. ते पाहून आणखी एक तरुणी पुढे आली. तिच्यावर त्याच जागी जुलैत अत्याचार झाला होता, आणि तोवर ती पोलिसांकडे गेलेली नव्हती. ती आधी का गेली नाही, हा प्रश्न मला फाशीच्या चर्चेपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तिघांना झालेली फाशी उच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२१ ला जन्मठेपेवर आणली. त्यावर आपल्यात मतभेद आहेत, असू द्यात. पण सगळ्या देशाचं लक्ष असलेली केस धावते, आणि लालबागच्या चाळीतल्या बाईची केस 'साक्षीदार गैरहजर' म्हणून पडून राहते, यावर तर आपलं एकमत आहे ना?

माझ्या तीन सूचना आहेत. एक, प्रत्येक मंडळाने एक वही ठेवावी. प्रत्येक केसचं पान: एफआयआरचा क्रमांक, कलमं, तपास अधिकाऱ्याचं नाव, साठावा आणि नव्वदावा दिवस, कोर्ट आणि पुढची तारीख. दोन, दर महिन्याला दोघीजणींनी भोईवाडा कोर्टात आणि सत्र न्यायालयात नुसतं जाऊन बसावं. खुल्या कोर्टात बसायला कुणाची परवानगी लागत नाही. बलात्काराचे खटले बंद दाराआड चालतात, तिथे मात्र बाहेर तिच्यासोबत बसावं. तीन, साक्षीच्या दिवशी ती बाई एकटी जाता कामा नये. त्या दिवसाची तिची मजुरी बुडते, मूल कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न असतो; तो मंडळाने सोडवावा.

वही आजच सुरू करू. मधल्या सुट्टीत तुमच्याकडे चालू असलेल्या केसेस इकडे टेबलावर लिहून द्या. ज्यांना फक्त एनसी मिळाली आहे त्यांचे कागद आधी बघू.